जेवढा कचरा, तेवढा आकार



आज आपणांसमोर जो विषय मांडावयाचा आहे तो ऐकावयास फारसा रुचकर नाही. विषय कचऱ्याचा आहे, आणि त्यातही कचऱ्याच्या पैशाचा. घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती कराच्या शेजारी आरोग्य कराची एक ओळ असते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. अनेक नगरपालिका व काही मोठ्या ग्रामपंचायती कचरा उचलण्याचे वेगळे शुल्कही घेतात. कचरा करणाऱ्याने तो उचलण्याचे शुल्क द्यावे, हे तत्त्व २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्पष्टपणे सांगितले होते. परंतु हे शुल्क बहुधा घरटी ठरलेले असते. एकट्या राहणाऱ्या वृद्धेच्या घरातून आठवड्याला पिशवीभर केर निघत नाही. शेजारच्या बंगल्यातून रोज दोन बादल्या निघतात. पावती मात्र दोघांची एकाच रकमेची. हिशेबाने पाहिले तर बंगल्यातील कचऱ्याचा काही भाग त्या वृद्धेने आपल्या पैशाने उचलविला, असेच म्हणावे लागेल.

शेतकरी बांधवांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. शेतीपंपाची वीज अश्वशक्तीवर ठोक आकारली की पंप किती तास चालला याची चौकशी कोणी करीत नाही. मीटर बसला की तोच माणूस रात्री उठून पंप बंद करावयास जातो. कचऱ्यालाही असा मीटर बसविता येईल काय? जगात काही ठिकाणी तो बसविला गेला आहे. स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन शहराने १९७५ सालीच कचऱ्याच्या पिशवीवर आकार सुरू केला, झुरिकने १९९३ मध्ये. पण साऱ्या देशात एकाच दिवसापासून ही पद्धत लागू करण्याचे धाडस दक्षिण कोरियाने केले, म्हणून तेथील हकिगत जरा विस्ताराने सांगतो.

कोरियाची राजधानी सोल येथे हान नदीच्या काठी नानजीदो नावाचे स्थान आहे. १९७८ पासून १९९३ पर्यंत त्या महानगराचा कचरा तेथे पडत राहिला आणि सपाट भूमीवर नव्वद मीटरांहून उंच अशा दोन टेकड्या उभ्या राहिल्या. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते असे आपण म्हणतो. नानजीदोची नऊ वर्षांतच फिटली, कारण २००२ मध्ये तेथे उद्यान झाले. परंतु शहराचा कचरा काही थांबला नव्हता. तो टाकावयास नवी जागा हवी होती, आणि कचराभूमी आपल्या शेजारी नको, असे तेथील लोकही म्हणतच होते. मुंबईतील देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग आणि शहरभर पसरलेला धूर ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना या अडचणीचे वर्णन करून सांगावयास नको.

त्या काळी कोरियातही कचऱ्याचे शुल्क घराच्या आकारावर किंवा मालमत्ता करावर अवलंबून असे. १९९४ मध्ये काही भागांत प्रयोग करून १ जानेवारी १९९५ पासून देशभर नवी पद्धत लागू करण्यात आली. युक्ती अगदी साधी होती; यंत्र नव्हते की वजनकाटा नव्हता. प्रत्येक स्थानिक संस्थेने आपले नाव छापलेल्या, ठरावीक मापांच्या पिशव्या काढल्या आणि त्या दुकानांतून विकावयास ठेवल्या. कचरा उचलण्याचा आकार पिशवीच्या किमतीतच घेतला जाई. कुटुंबाने महिन्याला दोन पिशव्या भरल्या तर दोनांचे पैसे, दहा भरल्या तर दहांचे. अन्य पिशवीतून ठेवलेला कचरा उचलावयाचा नाही, असा नियम होता. कागद, काच, डबे, धातू निराळे करून दिले तर मात्र त्यांस काही पडत नसे. जुने कपाट किंवा गादी टाकावयाची असल्यास चिठ्ठी विकत घेऊन त्या वस्तूवर चिकटवावयाची. शासकीय साहाय्यावर जगणाऱ्या कुटुंबांना पिशव्या विनामूल्य देण्याची सोयही करण्यात आली.

परिणाम काय झाला? १९९४ मध्ये दरमाणशी दररोज सुमारे १.३ किलो कचरा निघे; दहा वर्षांनंतर तो १ किलोच्या आसपास आला. पुनर्वापरासाठी जाणाऱ्या कचऱ्याचे प्रमाण शेकडा १५ होते, ते शेकडा ५० च्या जवळ पोहोचले. आता हे सारे श्रेय एकट्या पिशवीला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच सुमारास कोरियातील घरे दगडी कोळशाच्या वड्या सोडून गॅसकडे वळत होती, आणि कोळशाची राख मोठी जड असते. परंतु जी वस्तू पिशवीत घातली तर पैसे पडतात आणि बाजूला ठेवली तर पडत नाहीत, ती गृहिणी बाजूलाच ठेवणार, हे समजावयास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

अडचणी आल्याच. लोक पिशवी पायाने दाबून दाबून भरू लागले. काहींनी कचरा जाळला, काहींनी तो रात्री दुसरीकडे नेऊन टाकला. त्यासाठी दंड ठेवावा लागला, आणि चुगली करणाऱ्यास बक्षीसही. (ही चुगलीची गोष्ट मला स्वतःला रुचत नाही, शेजारधर्म मोडून मिळविलेली स्वच्छता फार दिवस टिकत नाही.) खरी अडचण मात्र खरकट्याची होती. कोरियन जेवणात रस्सा फार आणि वाट्याही पुष्कळ, त्यामुळे ओला कचरा विपुल. तो पुरला की पाणी झिरपते आणि दुर्गंधी सुटते. २००५ पासून खरकटे थेट जमिनीत पुरण्यास मनाई झाली. त्यापासून निघणारे पाणी जहाजांतून समुद्रात सोडले जात असे, तेही २०१३ मध्ये बंद करण्यात आले. त्याच वर्षापासून खरकट्यावरही मापाप्रमाणे आकार घेतला जाऊ लागला. पुष्कळ गृहसंकुलांत आता अशी पेटी आहे की कार्ड दाखविल्याशिवाय तिचे झाकण उघडत नाही, आणि टाकलेल्या खरकट्याचे वजन त्या घराच्या खात्यावर आपोआप चढते.

तैवानची राजधानी तैपेई येथे जुलै २००० पासून अशीच छापील पिशवी आली, परंतु तिच्या जोडीला एक निराळी चाल होती. कचरा रस्त्यावर ठेवावयाचाच नाही. आपल्या घंटागाडीप्रमाणे तेथे सूर वाजवीत गाडी येते आणि प्रत्येकाने आपली पिशवी स्वतःच्या हाताने गाडीत टाकावयाची. सारी गल्ली त्या वेळी बाहेर आलेली असते. साध्या पिशवीत कचरा आणला तर तो चार माणसांसमोर परत न्यावा लागतो. दंडापेक्षा ही लाज अधिक उपयोगी पडली असावी, असा माझा तर्क आहे.

आता आपल्याकडे यावे. माझ्या लहानपणी प्रत्येक घराच्या परसात उकिरडा असे. शेण, राख, केर, खरकटे सारे त्यात जाई आणि पावसाळ्यापूर्वी बैलगाडीने शेतात पोहोचे. अशा घराला मापाप्रमाणे आकार किती लावावयाचा? शून्य किंवा त्याच्या जवळपास. घरटी समान शुल्क लावणारी पंचायत मात्र त्या घराकडूनही तेवढेच पैसे घेते आणि नकळत सांगते की खत करा वा न करा, पंचायतीला दोन्ही सारखेच. मला या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष दिसतो तो हा. आपल्या कचऱ्यात ओल्या कचऱ्याचे प्रमाण निम्म्याच्या घरात असते. तो जो घरीच जिरवितो, त्याची पावती हलकी व्हावयास हवी.

तथापि क्रम चुकवून चालणार नाही. सुके वेगळे घेण्याची गाडी नाही, खताचा खड्डा नाही आणि आकार मात्र पिशवीवर लावला, तर तो कचरा ओढ्यात जाईल किंवा बांधावर जळेल. कोरियाने वेगळी केलेली वस्तू फुकट नेली, म्हणूनच पिशवीचे पैसे घेता आले. दुसरे असे की गाडीचे डिझेल आणि सफाई कामगाराचे वेतन कचरा थोडा निघाला तरी द्यावेच लागते. सारे शुल्क मापावर ठेवले तर लोक जितके शहाणे होतील तितका पंचायतीचा हात आखडेल. म्हणून लहानसा भाग घरटी स्थिर आणि उरलेला मापाप्रमाणे, अशी विभागणी बरी. तिसरे, छापील प्लॅस्टिक पिशवी जशीच्या तशी येथे आणणे विसंगत होईल, कारण आपल्या राज्याने २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर निर्बंध घातले. बादलीमागे एक कूपन गाडीवरील कामगाराच्या हाती दिले तरी तेच काम होते.

आणखी एका वर्गाचा विचार आवश्यक आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महानगरपालिकेने २००८ मध्ये करार केला. दारोदार कचरा घेणाऱ्या या भगिनी प्रत्येक घराकडून मासिक शुल्क घेत आणि भंगार विकून आपल्या मिळकतीत भर घालीत. तेथे शुल्क दारावर होते, मापावर नव्हे. मापाचा आकार आणताना भंगारावरील त्यांचा हक्क कोणी ठेकेदार उचलून नेणार नाही, हे ठरावातच लिहून ठेवावे लागेल.

दर किती असावा, असे मला वरचेवर विचारले जाते. कोणत्या घरातून किती निघते हे ठाऊक नसता दर सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखे आहे. एका गल्लीतील वीस घरे घ्या. पंधरा दिवस रोज सकाळी ओला व सुका कचरा वेगवेगळा तोलावा. ताणकाटा पुरेसा आहे, महाग यंत्र नको. नोंदवही शिक्षकांच्या देखरेखीखाली सातवीच्या मुलांनी ठेवावी. गणिताच्या तासाला सरासरी काढावयास त्याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. वहीत कुटुंबाचे नाव नको, फक्त घरातील माणसांची संख्या आणि परसात खड्डा आहे की नाही, एवढेच असावे. तो तक्ता पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावा, आणि दराचा विषय त्यानंतर घ्यावा.