विलायतेंतील आजारपणाचा पगार

आपले कित्येक आप्त नोकरीनिमित्त ब्रिटनमध्यें राहतात. आजारी नोकरास मालकानें वेतन द्यावें असा तेथें कायदा आहे. पण तीनचार दिवसांच्या तापांत तें मिळतें काय? १९८३ सालीं ही पद्धति सुरू झाली. पुढें तिची अट अशी राहिली कीं, आजार सलग चार दिवसांचा हवा आणि त्यांतील कामाचे पहिले तीन दिवस बिनपगारी. सोमवार ते गुरुवार अंथरुणास खिळलेल्यास पगार एकट्या गुरुवारचा! शुक्रवार ते सोमवार आजारी पडणाऱ्यास बहुधा कांहींच नाहीं; शनिवार-रविवार आजारांत मोजीत, कामांत नव्हे. मग हातावर पोट असलेला मनुष्य खोकत खोकत कामावर जाई, यांत नवल तें काय? २०२० सालीं कोविडच्या सांथींत त्या रोग्यांपुरती ही कपात थांबविली. २०२२ सालीं ती पुन्हां आली. अखेर २०२५ च्या कायद्यानें, ६ एप्रिल २०२६ पासून, पहिल्या दिवसापासूनच वेतन देण्याचें ठरविलें आणि किमान मिळकतीची अटहि काढली. अल्पवेतनी नोकरास मिळकतीच्या शेंकडा ८० किंवा ठरीव रक्कम, यांपैकीं जी कमी ती. स्वतंत्र धंदेवाल्यास मात्र यांतलें कांहीं नाहीं. पहिल्या सात दिवसांस डॉक्टरचा दाखला लागत नाहीं. मालकास मात्र वेळेवर कळवावें लागतें.