उद्याचा रोजमेळ

खतावणीत नफा दिसतो, आणि पगाराच्या दिवशी तिजोरी रिकामी असते! हे कोडे पुष्कळ कारखानदारांना पडते.

बेळगावातील ओतकामाचा एखादा कारखाना घ्या. कच्चे लोखंड, वीज, मजुरी यांचे पैसे आधी जातात; मालाचे मागाहून येतात. समजा, दर आठवड्यास १ लाखाचा माल जातो, त्यास खर्च ९० हजार होतो आणि पैसे आठ आठवड्यांनी मिळतात. म्हणजे पहिली वसुली होईपर्यंत ७ लाख २० हजार रुपये पदरचे घालावे लागतात. धंदा दुप्पट झाला की ही रक्कमही दुप्पट! भरभराटीतच कारखाने अडचणीत येतात ते यामुळे.

कीर्द झालेला व्यवहार सांगते. तिच्या शेजारी पुढील तेरा आठवड्यांचा अंदाज मांडावा : आरंभीची शिल्लक, येणे, देणे, अखेरची शिल्लक. येणे मात्र वायद्याच्या तारखेस न लिहिता, गिऱ्हाईक प्रत्यक्ष देते त्या तारखेस लिहावे. दर शनिवारी अंदाज पडताळावा.

लघुउद्योगाचे देणे अधिकात अधिक ४५ दिवसांत फेडावे, असे २००६ चा कायदा सांगतो. पण कायद्याने रक्कम मिळेपर्यंत मजुराची चूल थांबत नाही. तूट सहा आठवडे आधी दिसली, तर वसुलीस आणि पेढीकडे जाण्यास अवधी मिळतो. आदल्या दिवशी दिसली, तर केवळ सावकार उरतो.