राज्य व्यक्तीचे की कायद्याचे?



संविधानाविषयी आपण अभिमानाने बोलतो. परंतु त्यातील शब्दांचा अर्थ कुणी विचारला की अडखळतो. म्हणून आज नांदूरघाटच्या या सभेत चारच शब्द आपण समजून घेऊ.

पहिला शब्द 'कायद्याचे राज्य'. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निजामाचे फर्मान हाच तेथे शेवटचा शब्द. २६ जानेवारी १९५० पासून मात्र राज्यकर्त्यालाही कायद्याने बांधले. कलम १४ ने सर्वांना कायद्यापुढे समान मानले, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली.

दुसरा, 'सत्ताविभाजन'. विधिमंडळाने कायदा करावा, शासनाने राबवावा, न्यायालयाने तपासावा. बँकेत मी खात्याला नोंद करतो, अधिकारी पास करतात, रोखपाल पैसे देतो. हा कुणावर अविश्वास नव्हे. त्यात खातेदाराचे रक्षण आहे. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संविधानाची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही.

तिसरा, 'घटनात्मक उपायाचा हक्क'. हक्क लिहिला, पण दाद मागण्याची सोय नसेल तर तो कोरा कागदच! कलम ३२ अन्वये सर्वोच्च न्यायालयाचे, कलम २२६ अन्वये उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. कलम ३२ हा संविधानाचा आत्मा आहे, असे बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले होते.

चौथा शब्द सर्वांत कठीण : 'घटनात्मक नीतिमत्ता'. ती उपजत नसते, अंगी बाणवावी लागते, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बजावले होते.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. गावचा प्रत्येक मतदार तिचा सभासद. एकदा ग्रामसभेचे हजेरी रजिस्टर माझ्या घरी आले. सभेला न जाता मी सही करून मोकळा झालो. बँकेत व्हाउचर वाचल्याशिवाय सही न करणारा मी! सभेत कोणते ठराव झाले, हे मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी माझा हक्क कुणी हिरावला नव्हता. मीच तो देऊन टाकला होता.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या ग्रामसभेला आई-वडिलांसोबत जा. ठराव वाचून दाखवा म्हणा, आणि मगच घरच्यांना सही करू द्या. मीही येणार आहे.

जयभीम! जय भारत!