ज्ञानक्षेत्रांतील बांध

विद्यापीठाच्या पदवीदानप्रसंगीं संशोधकांच्या प्रबंधांची जी यादी प्रसिद्ध होते, ती वाचून सामान्य गृहस्थाला मोठा अचंबा वाटतो. एकानें भातावरील रोगाचा अभ्यास केलेला असतो, दुसऱ्यानें जुन्या ताम्रपटांतील अक्षरांचा. तिसरा ढगांचीं मापें घेतो, तर चौथा एखाद्या बोलींतील क्रियापदांचीं रूपें गोळा करितो. ह्या चौघांना एका खोलींत बसविलें, तर पाऊसपाण्यापलीकडे एकमेकांशीं काय बोलावें, असा त्यांनाच प्रश्न पडेल, असें वाटतें. मग साहजिकच दोन शंका निघतात. ह्या विखुरलेल्या उद्योगांना 'संशोधन' ह्या एकाच नांवाखालीं कां बसवावें, ही पहिली. आणि ज्यांचा उपयोग तत्काळ दिसत नाहीं, त्यांवर लोकांनीं पैसा कां खर्चावा, ही दुसरी. ह्या शंका अडाणीपणाच्या नव्हेत. कर भरणाऱ्या माणसाला त्या विचारण्याचा हक्क आहे, आणि विद्वानांनीं त्यांचें उत्तर दिलें पाहिजे.

उत्तर शोधण्यासाठीं फार दूर जावयास नको. पुणें शहरांत १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, १९१७ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, १९३० सालीं गोखले अर्थशास्त्र संस्था. १९३९ सालीं डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडलें आणि १९४६ सालीं वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकारानें महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. ह्यांतील भांडारकर मंदिर, गोखले संस्था आणि विज्ञानवर्धिनी ह्या तीन ठिकाणांवरून सकाळच्या एका फेरफटक्यांत सहज जाऊन येतां येतें. एकीकडे पोथ्या, दुसरीकडे शेतकऱ्याच्या जमाखर्चाचे आंकडे, तिसरीकडे वनस्पति! वरवर पाहतां ह्या संस्थांमध्यें शेजारापलीकडे कांहीं नातें नाहीं. परंतु आंत डोकावून पाहिलें म्हणजे निराळेंच चित्र दिसूं लागतें.

प्रथम भांडारकर मंदिरांतील महाभारताचें काम घेऊं. ह्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ति तयार करण्याचें कार्य १९१९ सालीं सुरू झालें आणि १९६६ सालीं पुरें झालें. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ, मलयाळम् अशा अनेक लिप्यांतील बाराशेंहून अधिक पोथ्या ह्या कामीं पाहण्यांत आल्या. १९२५ सालापासून १९४३ सालीं निधन होईपर्यंत ह्या कार्याची धुरा विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं वाहिली. सुकथनकरांचें केंब्रिज येथील शिक्षण गणिताचें होतें. संस्कृताकडे ते त्यानंतर वळले व बर्लिन येथें त्यांनीं त्या विषयाचें अध्ययन केलें. त्यांची पद्धति समजण्यास अवघड नाहीं. दोन पोथ्यांत एकच चूक जागोजाग आढळली, तर त्या दोघींची आई एक असली पाहिजे. अशा रीतीनें पोथ्यांचीं कुळें लावावयाचीं, आणि सर्व कुळांना जें समान आहे तेथपर्यंत मागें जावयाचें.

ह्या पद्धतीचा निर्णय प्रत्येक वेळीं मनाजोगता येतोच असें नाहीं. व्यासांनीं सांगितलें आणि गणपतीनें लिहून घेतलें, ही कथा महाराष्ट्रांत कोणाला ठाऊक नाहीं? परंतु पोथ्यांचा पुरावा पाहतां ती मूळ संहितेंत बसेना, म्हणून तिला परिशिष्टांत ठेवावें लागलें. ज्या प्रांतांत प्रत्येक कार्याचा आरंभ गणेशपूजनानें होतो, तेथील संपादकानें हें करावें, ह्यांत अश्रद्धा नव्हती. कथा गाळून टाकलेली नाहीं. ती कोणत्या थरांतील आहे एवढेंच तेथें दाखविलें आहे. पुरावा सांगेल तें मान्य करावें, एवढाच त्यामागील नियम.

आतां गंमत पाहा. चुकांच्या साम्यावरून वंश ठरविण्याचा हा जो पोथ्यांचा मार्ग, तोच जीवशास्त्रज्ञांचाही मार्ग आहे. समान बदल ज्या जीवांत आढळतात, त्यांचा पूर्वज समान मानून ते वंशवृक्ष काढतात. १९९८ सालीं तर कांहीं जीवशास्त्रज्ञ व भाषापंडित एकत्र आले, आणि जीवांचे वंशवृक्ष काढण्यासाठीं बनविलेली गणनपद्धति त्यांनीं चॉसर ह्या इंग्रज कवीच्या काव्याच्या हस्तलिखितांना लावून दाखविली. हा निबंध 'नेचर' ह्या विज्ञानविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. दोन शेतांमधील बांध वरून कितीही उंच दिसला, तरी खालचें पाणी एकच होतें.

हे बांध एकट्यानें ओलांडून जाणारे पुरुष विरळा असतात. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांपैकीं एक होत. १९०७ सालीं गोव्यांत जन्मलेले आणि हार्वर्ड विद्यापीठांत शिकलेले हे गणिती पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत होते. त्यांनीं प्राचीन आहत नाण्यांचा प्रश्न हातीं घेतला. ह्या नाण्यांवर राजाचें नांव नाहीं, शक नाहीं. केवळ ठशांच्या खुणा आहेत. मग त्यांचा क्रम लावावा कसा? कोसंबींनीं तराजू पुढें ओढला. नाणें हातोहात फिरतांना झिजतें. टांकसाळींतून नुकत्याच निघालेल्या नाण्यांचें वजन जवळजवळ सारखें असतें. परंतु वर्षें लोटतात तसतशी सरासरी खालीं येते, आणि नाण्यानाण्यांतील फरक वाढत जातो. आपल्या काळीं चलनांत असलेलीं हजारों नाणीं स्वतः तोलून त्यांनीं हा नियम आधीं पारखून घेतला, आणि मग तो तक्षशिलेच्या उत्खननांत सांपडलेल्या नाण्यांना लावला. ज्या नाण्यांना कोणीही बखरकार लाभला नाहीं, त्यांचा इतिहास त्यांच्या झिजेनें सांगितला!

ह्याच गृहस्थांनीं १९४४ सालीं आनुवंशशास्त्रांत एक सूत्र मांडलें. गुणसूत्रावरील दोन जनुकें परस्परांपासून किती दूर आहेत, हें त्यांची संततींत किती वेळां ताटातूट होते ह्यावरून ठरवितात. परंतु दोघांच्या मध्यें अदलाबदल दोनदां झाली, तर तीं पुन्हा एकत्र दिसतात आणि अंतर असेल त्याहून कमी भासतें. शिवाय एके जागीं अदलाबदल झाली कीं शेजारीं दुसरी होण्यास कांहींसा अडथळा येतो. हें सर्व ध्यानांत घेऊन खरें अंतर काढण्याची रीत कोसंबींनीं दिली. भात, गहूं इत्यादि पिकांचे जनुकीय नकाशे काढणारे संशोधक आजही तें सूत्र वापरतात, आणि त्यास कोसंबींचेंच नांव आहे. पुढें १९४८ सालीं ह्याच विद्वानानें भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. तराजू, जनुक आणि श्लोक ह्यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध हा, कीं तिन्ही ठिकाणीं विखुरलेल्या, झिजलेल्या, मिसळलेल्या पुराव्यांतून मूळचा क्रम शोधावयाचा होता.

तथापि बांध ओलांडणें म्हणजे वाटेल तेथें नांगर घालणें नव्हे. प्रत्येक शेताची कसणूक निराळी, आणि ती शिकल्यावांचून पीक येत नाहीं. संस्कृत ग्रंथाचें संपादन करावयाचें, तर पोथ्या वाचाव्याच लागतात. तेथें गणितांतील कीर्ति कामास येत नाहीं. उलट, ज्या शास्त्रांत मनुष्य निष्णात आहे तेथेंही तो चुकूं शकतो. १९५९ सालीं कोसंबींनीं गणितांतील रीमानच्या सुप्रसिद्ध कूटप्रश्नाचा उलगडा झाल्याचें प्रतिपादन केलें. गणितज्ञांच्या परीक्षेंत तें टिकलें नाहीं. १९६२ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढविण्यांत आली नाहीं. अनेक शास्त्रांत वावरणाऱ्याला कोणतेंही एक शास्त्र पुरतेंपणीं आपलें म्हणत नाहीं, हा अनुभव त्यांच्या वांट्यास आला. पुढें १९६४ सालीं त्यांना मानाचें संशोधकपद मिळालें, आणि त्यासाठीं आधार झाली ती पुण्याची विज्ञानवर्धिनी. वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पुढाकारानें निघालेल्या संस्थेंत नाण्यांच्या आणि श्लोकांच्या अभ्यासकाला जागा मिळाली, ही गोष्ट त्या संस्थेला भूषणावह आहे. १९६६ च्या जून महिन्यांत कोसंबी निवर्तले.

दुसरें उदाहरण इरावतीबाई कर्वे यांचें. मानववंशशास्त्र शिकण्यासाठीं त्या बर्लिन येथें गेल्या, आणि मनुष्याच्या कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंत जो असमानपणा असतो, त्याची मापें त्यांनीं घेतलीं. त्या असमानपणाचा वंशाच्या श्रेष्ठकनिष्ठतेशीं संबंध असावा, अशी त्यांच्या गुरूंची धारणा होती. मापांनीं ती खरी ठरविली नाहीं, आणि इरावतीबाईंनीं मापांचीच बाजू घेतली. परक्या देशांत, परीक्षा घेणाऱ्या गुरूंसमोर, एका विद्यार्थिनीनें हें करावें, ह्याला धैर्य लागतें. पुढें डेक्कन कॉलेजांत त्यांनीं नातेसंबंधांचा अभ्यास केला. १९४४ सालीं पुराणवस्तुशास्त्रज्ञ सांकळिया यांच्यासह गुजराथेंतील लांघणज येथील उत्खननांत भाग घेतला. आणि १९६७ सालीं त्यांचें 'युगान्त' प्रसिद्ध झालें, तेव्हां महाभारतांतील माणसांचा विचार करतांना त्यांनीं आधार घेतला तो भांडारकर मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीचाच. एका शेतांतील धान्य दुसऱ्या घरीं असें पोंचतें.

तेव्हां पहिल्या शंकेचें उत्तर मिळालें. विषय निराळे असले, तरी आपल्या आवडत्या समजुतीपेक्षां पुराव्याला वरचढ मानण्याची शिस्त एक आहे. ती जेथें आहे तेथें संशोधन आहे. ती जेथें नाहीं तेथें जाडजूड ग्रंथ असेल, पदवीही असेल, परंतु संशोधन नसेल.

दुसऱ्या शंकेचें उत्तर थोडें अवघड आहे. प्रत्येक प्रबंधाचा उपयोग होईलच, असें वचन कोणताही प्रामाणिक विद्वान् देणार नाहीं. परंतु कोणत्या प्रबंधाचा होणार नाहीं, हेंही आधीं कोणी सांगूं शकत नाहीं. १९४४ सालचें तें सूत्र उपयोगाच्या तराजूंत घातलें असतें, तर त्याचें वजन किती भरलें असतें? डेक्कन कॉलेजांत १९४८ सालीं हातीं घेतलेला संस्कृत भाषेचा महाकोश अद्याप पुरा झालेला नाहीं. सुमारें दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या सुमारें एक कोटी नोंदचिठ्ठ्या त्याच्यासाठीं जमविल्या आहेत. त्या लिहिणाऱ्यांपैकीं अनेकांना पहिला खंडही पाहावयास मिळाला नाहीं. त्यांनीं आपल्यापुरता हिशेब केला असता, तर एकही चिठ्ठी लिहिली गेली नसती.

शेताला बांध हवाच. बांध नसेल तर पाणी ठरत नाहीं, मातीही वाहून जाते. म्हणून प्रत्येक शास्त्रानें आपली शिस्त राखावी. परंतु बांधाला पाण्याची वाट ठेवली नाहीं, तर वरचें शेत कुजतें आणि खालचें सुकतें. घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी ज्याचें नांवही आपणांस नीट उच्चारतां येत नाहीं असा विषय घेऊन बसली, तर 'ह्याचा उपयोग काय?' असें अवश्य विचारावें. मात्र त्याआधीं 'तुला ह्यांत काय सांपडलें, आणि तें खरें कशावरून?' एवढें विचारण्यास विसरूं नये. त्या प्रश्नाचें उत्तर जिला नीट देतां येतें, तिचें काम वायां जात नाहीं.