नाण्याच्या कडेवरचा अर्ज

आज ओळख करून घेऊ थॉमस सायमन या सतराव्या शतकातल्या इंग्रज पदक-कोरक्याची.

पदक पाडायचं तर आधी पोलादाचा ठसा कोरावा लागतो, तोही उलटा. पदकावर जे उठून दिसायचं, ते ठशात खोल जातं. या कामात सायमनचा हात विलक्षण होता.

१६५० साली स्कॉटलंडमधली डनबारची लढाई क्रॉमवेलने, म्हणजे इंग्लंडची राजसत्ता उलथवणाऱ्या संसदेच्या सेनापतीने, जिंकली. तिच्या स्मृतिपदकासाठी संसदेने सायमनला एडिंबरोला पाठवलं. माझा चेहरा नको, असं क्रॉमवेलचं म्हणणं होतं. तरी पदकावर आला तो त्याचाच चेहरा. पुढे देशाचा प्रमुख झालेल्या क्रॉमवेलच्या नाण्यांचे ठसेही सायमननेच कोरले.

१६६० मध्ये राजसत्ता परतली. दुसरा चार्ल्स गादीवर बसला. आपली मुंबई ज्याला आंदण मिळाली, तोच हा राजा. नव्या नाण्यांचं काम मात्र अँटवर्पच्या रोटिए बंधूंकडे गेलं.

सायमनने उत्तर दिलं ते छिन्नीने. १६६३ साली त्याने चांदीचं एक क्राउन नाणं घडवलं आणि त्याच्या अरुंद कडेवर दोन ओळींत राजाला अर्ज कोरला: माझं काम रोटिए बंधूंच्या कामाशी ताडून पाहा आणि सरस ठरलं तर मला आधार द्या.

काम काही परत मिळालं नाही. १६६५ मध्ये, लंडनमध्ये प्लेग थैमान घालत असताना, सायमन वारला. पण ते नाणं आज इंग्रजी नाणेकलेचा मुकुटमणी मानलं जातं. दरबाराने नाकारलेला न्याय काळाने दिला.