‘बरं आहे’ या उत्तराविषयी



आम्ही सातवी शिकलेले. मानसशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे. पण माणसे प्रश्नाला खोटे उत्तर का देतात, हे ऊसतोडीच्या फडात तीस वर्षे पाहत आलो आहोत.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी १९४०च्या सुमारास मनाची एक चाचणी रचली. तीत १५ विधाने केवळ खोटेपणा पकडण्यासाठी घातली. आपल्याला राग म्हणून कधी येतच नाही, असे सांगणारा स्वतःला गोड करून दाखवतो आहे, असे समजायचे. युक्ती नामी खरी.

आता आपल्या बीडकडे या. २०१५ साली शासनाने मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प काढला. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून आशाताई घरोघर मनाची विचारपूस करू लागल्या. अशा तपासणीसाठी जगभर ९ प्रश्नांची एक यादी चालते: गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, आणि शेवटी, मरून जावे असे वाटले काय. प्रत्येकाला शून्य ते ३ गुण. खोटे पकडणारा प्रश्न तीत एकही नाही. ओसरीवर सासरा बसलेला, शेजारीण कान देऊन. अशा वेळी सून ‘बरं आहे’ म्हणते आणि बेरीज शून्य येते.

२०१९ साली शासकीय समितीने जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली; १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. शस्त्रक्रियेची मोजदाद तरी होते. जागून काढलेली रात्र ज्याची त्यानेच सांगावी लागते.

एकदा आम्हीच युनियनचा कागद घेऊन एका तळावर कोप्यांतून फिरलो. मुकादम सोबत होता, म्हणजे पाठीशी उभा. झोप? लागते. अंग दुखते? नाही. सारा तळ ठणठणीत! निघताना पाण्याच्या टाकीपाशी एक बाई म्हणाली, “दादा, दुखतंय म्हणलं तर पुढल्या साली उचल कोण देईल? अन् कागदावर माझं नाव कशापायी लिवलं?” आम्ही निरुत्तर झालो. नाव तिच्यासमोर खोडले.

दुसऱ्या दिवशी तोडणीवरच्याच दोघी बायकांना पाठवले, नाव लिहायचे नाही या बोलीने. उत्तरे पार बदलली. काहींनी औषध मिळेल या आशेने वाढवूनही सांगितले. तेही खोटेच, पण रागवावे कोणत्या तोंडाने?

संध्याकाळी मुकादमाने विचारले, “काय निघालं?”

आम्ही म्हणालो, “काही नाही. सारं बरं आहे.”