फुंकर मारून सुरू होणारी गाडी

लुना आठवते ना? 1972 साली आली. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी यायचं. बंद पडली तर प्लग घासायचा, कार्बोरेटरचा जेट फुंकायचा, की झाली सुरू! पाना आणि मिस्त्री, दोन्ही गावातच.

1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 चा नियम लागला. बहुतेक दुचाकींमधला कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. पेट्रोल किती सोडायचं ते आता सेन्सर आणि छोटा कॉम्प्युटर ठरवतो. धूर कमी झाला, थंडीत चोक ओढायला नको. हे चांगलंच. पण बिघडली की गावचा मिस्त्री हात वर करतो, स्कॅनर तालुक्याला. आमच्या गटातल्या दोघी स्कूटरवरून डेअरीला दूध घालतात. गाडी अडली की दूध नासतं, दिवस बुडतो.

जुनी गाडी गोड वाटते, कारण ती आपल्याला कळायची. मग नवीही थोडी समजून घेऊ. इंजिनचा पिवळा दिवा गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तसाच राहिला तर लगेच दाखवा. बॅटरी जपा, ती पार उतरली तर किक मारूनही गाडी सहसा सुरू होत नाही. टाकी कोरडी होऊ देऊ नका; आतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. आणि दुरुस्तीआधी विचारा, "स्कॅनरवर कोणता कोड आला?" तो बिलावर लिहून घ्या, बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

विचारायला लाजायचं नाही. पैसे आपले आहेत!